चौदा पावलांवरची हाक

४ मार्च

चि. भिंगरी हिस,
आईचे अनेक आशीर्वाद. फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

काल डॉक्टर येऊन गेले. गेल्या उन्हाळ्यात तुझी आजी भर दुपारी दोनदा बेशुद्ध पडली. तसं पुन्हा झालं तर ती उठेलच असं सांगता येणार नाही, तिच्या खोलीत एसी बसवाच, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गवंड्याला भिंत दाखवली. बाहेरचा गिलावा पोकळ झालाय, त्यावर एसीची बाहेरची पेटी टांगली तर रस्त्यावर कुणाच्या तरी डोक्यात पडेल, तेव्हा खिडकीत बसणाराच घ्या, असं त्याचं म्हणणं. खिडकी तीनदा मोजली. दुकानातही तीनदा गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. दुकानदाराने माझं नाव मोजपट्टीबाई ठेवलंय म्हणे.

अडलंय ते आवाजावर. अर्धांगाचा झटका आल्यापासून आजीचा आवाज कागद सरकावा इतकाच उरलाय. ती 'अगं' म्हणते आणि चौदा पावलांवर, स्वयंपाकघरात, मला कळतं, कारण घरात दुसरा आवाजच नाही. रेडिओ मी लावत नाही. मिक्सर माळ्यावर टाकलाय. खिडकीतल्या एसीचं सगळं धूड मात्र खोलीतच घरघरत असतं. माहितीपत्रकात पंचावन्न डेसिबल लिहिलंय. डेसिबल म्हणजे काय ते तुझ्या शाळेच्या जुन्या पुस्तकात शोधून वाचलं, तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तिने हाक मारली आणि मला ऐकू गेली नाही तर काय करायचं, ते पुस्तकात नाही.

वेळेवर जेवत जा. माया आहेच, ती तिकडे पोचत राहो.
तुझी आई


१० मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि. पत्र वाचून आधी हसले, मग हसू गेलं.

आई, मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत बसते. उन्हाने आडवी झालेली माणसं इथे रोज येतात आणि त्यांचं रक्त माझ्या हातात येतं. ऊन खरं आहे. हाक ऐकू न येणं हे तुझ्या मनातलं आहे. आजीच्या उशाशी एक घंटी ठेव आणि खोली पश्चिमेची, वरच्या मजल्यावरची आहे म्हणून दीड टनाचा घे. दुकानदाराला वाटत असेल, बाई सून बघायला आल्यात. आजीला तर त्या आवाजाचा काही त्रासच नाही. बाबा होते तेव्हाच ती पेपरातली बातमी कानाशी ओरडल्याशिवाय ऐकत नव्हती.

एक विचारते, रागावू नकोस. मिक्सर माळ्यावर कधी गेला? मागच्या वेळी तू पाट्यावर वाटत होतीस, मनगट सुजलं होतं, तरी मला हात लावू दिला नाहीस.

आजीच्या पाया पडते. रागावलीस तरी उत्तर लिही.
तुझी,
भिंगरी


१९ मार्च

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद. घंटी आणली. आजीचा उजवा हात उचलला जात नाही आणि डावा थरथरतो. पहिल्याच दिवशी घंटी खाटेखाली गेली.

काल पुन्हा दुकानात गेले. तिथल्या मेकॅनिकला विनंती केली की मशीनपाशी खुर्ची टाकून बसा आणि मी चौदा पावलं लांब गेले की हळूच 'अगं' म्हणा. भला माणूस, मिशा एवढ्या झुबकेदार, पण बसला आणि म्हणाला. गिऱ्हाइकं तोंड दाबून हसत होती. एकाने त्याला विचारलं की घरी बायको असा आवाज ऐकून घेते का. पहिल्या मशीनमागून काही आलं नाही. दुसऱ्यामागूनही नाही. तिसऱ्याचा पंखा हळू होता तोवर ऐकू आलं, मग आतला कॉम्प्रेसर सुरू झाला आणि त्याचे नुसते ओठ हलताना दिसले. मी तशीच घरी निघून आले.

आता मिक्सरचं. हे कुणाला सांगितलेलं नाही. तुझे बाबा झोपेतच गेले असं मी सगळ्यांना सांगितलं, तुलाही. ते खरं नाही. त्या दुपारी मी वाटण करत होते. चार-पाच मिनिटं मिक्सर चालला असेल. बंद केला तर घर गप्प होतं. खोलीत गेले, तेव्हा ते खाटेवरून खाली पडलेले होते, तोंड दाराकडे, हात दाराकडे. तेही मला 'अगं'च म्हणायचे. चार वर्षं झाली, ती हाक आली होती की नाही हे मला माहीत नाही. तीच खोली आहे, तीच खाट आहे. आता त्याच खिडकीत मी माझ्या हाताने आवाज आणून बसवू?

वाचून फोन करू नकोस. लिही.
तुझी आई


२५ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि. पत्र बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा मागे गेला.

बाबांनी हाक मारली का, हे मलाही माहीत नाही. मारली नसेल असं लिहिलं, तर ते तुला खोटं वाटेल. म्हणून लिहीत नाही.

पण एक गोष्ट मला आठवते. चार वर्षांत मी तुला त्या खोलीत बसलेली पाहिलेली नाही. तू आजीचं सगळं करतेस, चादर बदलतेस, भरवतेस, पण उभ्याने, आणि लगेच बाहेर येतेस. आई, तू चौदा पावलांवरून ऐकायचं कशाला ठरवलंस? खुर्ची आत टाक. भाजी आत निवड, पुस्तक आत वाच. मशीन घे.

मलाही भीती वाटते, तुझ्यासारखीच. पण एप्रिल लागला की इकडे रांग वाढते. आजीला त्या रांगेत बघायचं नाही.
तुझीच,
भिंगरी


११ एप्रिल

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद. तिसरं मशीन घेतलं, दीड टनाचं. मिशीवाला मेकॅनिकच बसवायला आला. पाणी बाहेर गळावं म्हणून मागची बाजू जराशी उतरती ठेवली. निघताना आजीच्या खाटेपाशी उभं राहून त्याने न सांगता एकदा 'अगं' म्हणून पाहिलं.

खुर्ची आत टाकली. पहिले दोन दिवस मी दर दहा मिनिटांनी मशीन बंद करून कान द्यायचे. तिसऱ्या दिवशी आजी वैतागली. एकदाचं चालू ठेव की बंद ठेव, असा काय खेळ मांडलायस, असं तिने विचारलं. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, मिक्सरसकट.

तिने डाव्या हाताने माझा हात धरला. मग म्हणाली की त्या दुपारी ती बाहेरच्या खोलीत जागीच होती, तिला सगळं ऐकू येत होतं, आणि तिच्या मुलाने कुणाला हाक मारली नाही.

तिला तेव्हा किती ऐकू येत होतं ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि तिलाही. मी बरं म्हटलं. तिने माझा हात सोडला नाही.

मग म्हणाली की पाट्यावरचं वाटण दाताखाली खरखरतं, मिक्सर खाली काढ. आज काढला. ओट्यावर नाही, आतल्या खोलीत स्टुलावर ठेवला, खाटेसमोर. बटणावर बोट ठेवून मी उभीच राहिले. भीती गेलेली नाही, ते लिहून ठेवते. आजीने मान हलवली, तेव्हा दाबलं. इकडे एसी, तिकडे मिक्सर, कानात काहीच शिरत नव्हतं. वाटण होईपर्यंत मी तिच्या ओठांवरची नजर काढली नाही.

तू येशील तेव्हा तुझी खुर्चीही आतच टाकेन. तोवर असाच जीव लाव.
तुझी आई