दलदलीतला घोडा

रकितिश, २१ ऑक्टोबर १९७३

चि. इलारियोन यास ताईचे अ. उ. आशीर्वाद. भावजय झाम्फिरालाही तितकेच.

कोबीचं पिंप भरून झालं. आलुबुखार धुरावर सुकतायत, पुढच्या आठवड्यात बसवाल्याच्या हाती पाठवते. मुर्गूला नवे नाल ठोकले. घोडा म्हातारा झालाय, पण खायच्या बाबतीत अजून तरणा आहे. ही झाली रोजची खबर. आता खरी खबर सांगते, हसायचं असेल तर आधी हसून घे.

बुधवारी सकाळी टोपल्यांसाठी वाळुंजाच्या फोका तोडायला दलदलीकडे गेले होते. मी एक फांदी ओढली तर पलीकडून कुणीतरी तीच ओढतंय. मला वाटलं, शेजारच्या कासांद्राची गाय सुटली. चार शिव्या घालत मान वर केली, तर गाय कसली आणि काय कसलं. मुर्गूहून उंच जनावर, पाय नुसते वासे, तोंड घोड्याचं पण नाक लोंबलेलं, गळ्याखाली बोकडाची दाढी आणि डोक्यावर दोन फावडी. आपण भट्टीत पाव सरकवतो ना, तसल्या रुंद फावड्यासारखी शिंगं. त्याने माझ्याकडे पाहिलं, तोंडातला पाला शांतपणे संपवला आणि पाण्यात उतरून निघून गेलं. घाबरलं नाही. मीच घाबरले म्हण.

वनरक्षक हारालांबला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, मावशे, यंदाची दारू लवकर काढलीस वाटतं. मग शिंगं कशी होती विचारलं. मी म्हटलं फावड्यासारखी, तेव्हा मात्र त्याने मान डोलावून काहीतरी टिपून घेतलं. बाकी गाव मला हसतंय. मी पाहिलं ते पाहिलं. निदान पाठच्या भावाने तरी विश्वास ठेवावा म्हणून हे लिहिलं.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.
तुझी मिनोदोराताई


सुचावा, २९ ऑक्टोबर १९७३

ती. ताईस, सा. न. वि. वि.

ताई, तुझ्या पत्राने माझं नशीब उघडलंय बहुतेक. तू जे पाहिलंस त्याला शिकारी लोक फावडेशिंग्या म्हणतात. अंगावर ठिपके असणारं हरिण असतं ते, दक्षिणेकडच्या सपाटीवर आढळतं, आपल्या बाजूला कधीच नाही. घोड्याएवढं वगैरे तुला घाबरल्यामुळे वाटलं असेल. लहानपणी तुला अंगणातला बोका लांडगा वाटला होता, ते मी विसरलेलो नाही.

गंमत पुढे आहे. आमच्या फर्निचर कारखान्याच्या बेजेनारू डायरेक्टरांना शिकारीचं वेड आहे. भिंतीवर सगळी शिंगं लागली, पण फावडेशिंग्या नाही म्हणून चुटपुट लागून राहिलीय त्यांना. मी सहज तुझं पत्र काढलं, तर त्यांनी मला खुर्ची दिली. बारा वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी हारालांबकडून खात्री करून घेतली, त्यानेही फावडेशिंग्याच सांगितला. आता डिसेंबरात आपल्या जंगलात हाका घालणार, माणसं आरडाओरडा करत जनावरं साहेबांच्या बंदुकीपुढे आणणार, आणि वाट दाखवायला मी.

नवीन इमारतीतल्या घरांचं वाटप नव्या वर्षात आहे. दोन खोल्या आणि स्वतःची मोरी. तीन बिऱ्हाडांत एक चूल म्हणजे काय हे तू झाम्फिराला विचार. साहेबांनी यादीतलं माझं नाव स्वतः वर घेतलंय. हे सगळं तुझ्या पत्रामुळे झालं.

आशीर्वाद असाच राहू द्यावा.
तुझा इलारियोन


रकितिश, ४ नोव्हेंबर १९७३

चि. इलारियोन यास आशीर्वाद, पण रागाने.

मी तुला बातमी लिहिली होती, सुपारी दिली नव्हती.

ठिपके नव्हते. एकही नव्हता. काळपट तपकिरी, पायांशी राखाडी. मी काल पुन्हा गेले आणि मुद्दाम पाहून आले. शिंगं फावड्यासारखी म्हटलं कारण ती फावड्यासारखी आहेत. शिकाऱ्यांनी दुसऱ्याच कुठल्या हरणाला ते नाव देऊन ठेवलंय, त्याला मी काय करू? हारालांबने माझ्या तोंडून एक शब्द उचलला आणि बाकीचं सगळं सोडून दिलं. तूही तेच केलंस.

मी फोका तोडते, तो चार ढांगांवर उभा राहून खातो. आता आमची ओळख झालीय. लोकांनी आरडाओरडा केला तरी तो हरणासारखा पळणार नाही, उभा राहून बघत बसेल. तुझ्या साहेबाला नेमसुद्धा धरावा लागणार नाही. माझ्या एका शब्दामुळे तो मरणार असेल तर मला घास गिळवणार नाही. साहेबाला सांग की बहिणीला दिसत नाही, म्हातारी बरळली.

झाम्फिराची अडचण मला कळते. तरीही सांग.
तुझी ताई


सुचावा, १९ नोव्हेंबर १९७३

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला.

आमच्या विभागात प्रिकोप म्हणून फोरमन आहेत. युद्धात कैद होऊन पाच हिवाळे रशियात लाकडं ओढत होते. डबा खाताना मी हसत हसत तुझं वर्णन सांगितलं, लोंबतं नाक, दाढी, पाय वाशांसारखे. त्यांनी हातातला पाव खाली ठेवला. म्हणाले, तुझी बहीण खोटं बोलत नाही, तो एल्क आहे, तिकडे मी रोज पाहायचो. उत्तरेकडच्या दलदलीतलं जनावर, वाट चुकून इथवर आलं असणार. इथे ते कुणी पाहिल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही.

तेव्हा तू बरोबर होतीस. माफ कर.

पण ताई, आता नीट वाच. मी साहेबांकडे जायला निघालो होतो, प्रिकोपनी माझी बाही धरली. ते म्हणाले की फावडेशिंग्या इतरांच्याही भिंतीवर आहे, एल्क मात्र अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नाही. हे कळलं तर साहेब डिसेंबरची वाट पाहणार नाहीत, उद्याच गाडी काढतील. म्हणून मी गप्प बसलो. तूही गप्प बस. तू खरं बोलत होतीस हे गावाला पटवू नकोस, जितकं पटेल तितकं ते जनावर लवकर मरेल.

हाका रद्द करणं माझ्या हातात नाही. आणि असतं तरी केलं असतं की नाही, कुणास ठाऊक. झाम्फिरा रोज त्या इमारतीवरून चालत येते आणि चौथ्या मजल्यावरचे पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते सांगते. माझ्यावर रागाव, पण बोलणं सोडू नकोस.

तुझा इलारियोन


रकितिश, २६ नोव्हेंबर १९७३

चि. इलारियोन यास अ. आ.

बोलणं सोडलेलं नाही, हे पत्र त्याचाच पुरावा.

एल्क. नाव चांगलं आहे. तिकडून, रशियातून आला म्हणतोस, म्हणजे पासपोर्टाशिवाय सरहद्द ओलांडली गड्याने. (असलं पत्रात लिहू नकोस म्हणून तू ओरडशील. लिहून झालं.)

मी गप्प बसले आहे. हे मला किती जड जातं ते तुला माहीत आहे. परवा दुकानात हारालांबने सगळ्यांसमोर विचारलं की मावशे, तुझ्या घोड्याएवढ्या हरणाला आता पंख फुटले का. मी मीठ घेतलं आणि घरी आले. तुझ्या प्रिकोपचं नाव जिभेवर आलं होतं, गिळलं.

त्याला हुसकावून पाहिलं. डबे वाजवले, कपडे झटकले, एकदा तर माझ्या नवऱ्याचा जुना कोट काठीवर चढवून धावले. तो बघत उभा राहिला. मला वाटतं त्याला मजा येत होती. तेव्हा तो जाणार नाही, हाका थांबणार नाही आणि तू काही करणार नाहीस. मग राहिले मी.

काय करणार ते विचारू नकोस, मलाही अजून ठरवता आलेलं नाही. पण तो मरणार नाही. एवढं लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. तुझ्या घराचं वाईट व्हावं असं मनात नाही. तरीही मी हे करणार.

तारीख मात्र कळव. एवढं भावाकडून मागते.
मिनोदोराताई


सुचावा, ५ डिसेंबर १९७३

ती. ताईस, सा. न.

रविवार, १६ तारीख. हाकारे गावातलेच, वरच्या अंगाने सुरू करतील. साहेब दलदलीच्या तोंडाशी मोठ्या ओकखाली उभे राहणार, मी त्यांच्याशेजारी.

घरातच थांब म्हणून सांगणार होतो, पण तू माझं कधी ऐकलंयस. निदान लाल रुमाल बांध.
इलारियोन


सुचावा, १८ डिसेंबर १९७३

ती. ताईस, कृ. सा. न. वि. वि.

परवा साहेबांनी मला गाडीत असं कोंबलं की तुझ्याकडे वळून पाहायलाही मिळालं नाही. म्हणून माझ्या बाजूने काय झालं ते लिहितो.

धुकं होतं. हाकाऱ्यांचा आवाज जवळ येत होता. ससे गेले, एक कोल्हा गेला, साहेबांनी बघितलंही नाही. मग झाडीत काहीतरी मोठं हललं आणि साहेबांनी बंदूक खांद्याला लावली. ते बाहेर आलं. ताई, तू लिहिलेलं सगळं होतं, वासे, नाक, दाढी. फक्त डोक्यावर काही नव्हतं. शिंगं कुठे गेली मला कळेना. साहेबही गोंधळले, पण बोट चापावरून निघालं नव्हतं.

तेवढ्यात मागून तुझा आवाज. मुर्गू, अरे मुर्ग्या, थांब मेल्या, कुठे तडफडायला निघालास. खांद्यावर दावं, हातात ओट्सची पाटी, डोक्याला लाल रुमाल, तू त्या धुडाच्या मागे अशी चाललेली की जणू रोजचंच आहे. आणि ते सावकाश चालत राहिलं.

साहेबांनी मला विचारलं की हा काय प्रकार आहे, ही बाई कोण, हा घोडा आहे का.

माझ्या डोळ्यांसमोर चौथा मजला आला, खोटं सांगत नाही. नाही साहेब, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्या जनावराने एकदा मान वळवून आमच्याकडे पाहिलं. मी म्हणालो, हो साहेब, ही माझी बहीण आणि हा आमचा घोडा, जरा म्हातारा आणि बेढब आहे.

साहेबांनी बंदूक खाली केली आणि मग माझ्यावर जे तोंड सुटलं ते शहर येईपर्यंत थांबलं नाही. शिकारीच्या जागेत घोडा सोडतात, फावडेशिंग्याची थाप मारतात, वगैरे. काल यादी नव्याने लागली. माझं नाव शेवटच्या पानावर आहे. झाम्फिराला रात्रीच्या जेवणाच्या वेळी सगळं खरं सांगितलं. ती रडली, मग ओट्सच्या पाटीपाशी आल्यावर हसायला लागली, मग पुन्हा रडली.

मला वाईट वाटतंय आणि वाटतही नाही. शिंगांचं काय झालं तेवढं कळव.
तुझा इलारियोन


रकितिश, २७ डिसेंबर १९७३

चि. इलारियोन व चि. झाम्फिरा यांस ताईचे पोटभर आशीर्वाद.

डुक्कर कापलं, सोबतच्या पेटीत तुमचा वाटा आहे. धुरावलेलं मांस वर आहे, खाली झाम्फिरासाठी पडद्याचं कापड. मी विणलंय. त्या एका खोलीलाही खिडकी आहेच ना, तिला लाव.

शिंगं आपोआप गळली. हिवाळ्यात गळतात हे मला काय माहीत. हाक्याच्या दोन दिवस आधी गेले तर गडी बोडका उभा आणि एक शिंग चिखलात पडलेलं. उचललं तर दोन्ही हात लागले. इलारियोन, ते घेऊन मी तशीच हारालांबच्या घराकडे निघाले होते. त्याच्या जेवणाच्या टेबलावर, ताटात, आपटायचं होतं मला. अर्ध्या वाटेवर थांबले. मग परत जाऊन दलदलीत जिथे तळ लागत नाही तिथे सोडलं. तोंड घोड्याचं आणि डोकं रिकामं, हे बघूनच दाव्याची युक्ती सुचली. हाक्याच्या दिवशी खरा मुर्गू गोठ्यात झोपला होता.

नाताळच्या आदल्या दिवशी दलदलीपलीकडची नदी गोठली. सकाळी पाहिलं तर पावलं बर्फावरून पलीकडे, उत्तरेला गेलेली. परत आलेली नाहीत. मी काठावर बराच वेळ उभी होते. फोका तोडायला आता एकटीच जाते, आणि करमत नाही.

हारालांबने धुक्यातून आम्हां दोघांना लांबून पाहिलं होतं. त्याने गावभर करून टाकलंय की मिनोदोरा दोन महिने आपल्याच घोड्याला राक्षस समजत होती. तिच्या भावानेही डायरेक्टरसमोर कबूल केलं म्हणे. काल चर्चच्या दारात सगळे जमून हसले. पाद्रीबाबांनीही विचारलं, की बाई, तो खरंच घोडा होता ना. त्यांचा मेहुणा शिकारी आहे.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणाले, हो, घोडाच होता, म्हातारपणी डोळे गेले माझे.

या गावची, त्याला जवळून पाहिलेली माणसं दोनच, तू आणि मी. दोघांनीही तो घोडा होता अशी साक्ष दिली आहे. म्हणून आज एकदाच, फक्त तुला, लिहिते. मी पाहिलं ते पाहिलं. वाचून झालं की चुलीत टाक, आणि ताईवरची माया मात्र ठेव.

तुझी मिनोदोरा