ब्रेक लागतात

सूनबाई,

मी स्वतः दुरुस्त केलेली जुनी गाडी घेऊन तुझ्या सासूबाईंना आणायला निघालोय. चार महिन्यांपूर्वी या गाडीपायी रागावून बहिणीकडे जाताना तिने बजावलं होतं, "हा डबा चालला, तरच न्यायला या." काल चालला.

ब्रेक बसवताना आधी चुकलो होतो. दुरुस्तीच्या पुस्तकातलं चित्र उजव्या चाकाचं. डावीकडे उलटं हवं होतं, मी तिथेही तसंच बसवलं. मेकॅनिक म्हणाला, "काका, वाचून गाडी थांबत नाही!" आता थांबते. उतारावर सहा वेळा पाहिलं, तरी हळूच नेईन.

चिरंजीवांना दुपारपर्यंत सांगू नकोस. ते अडवतील, आणि मी नेहमीसारखा ऐकून बसेन.

ती गाडीत बसायला नाहीच म्हणाली, तर गाडी तिथेच सोडून आम्ही बसने येऊ. एकटा मात्र परतणार नाही.