‘प्रयोग’ खोडून ‘मारहाण’ लिहिण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
सार्वजनिक सभागृह कार्यालय.

विषय : इतिवृत्त पान ४ वरील एक शब्द बदलून मिळण्याबाबत.
संदर्भ : ‘कला आणि वास्तव’ जाहीर चर्चा, सत्र सहावे, शनिवार दुपार.

महोदय,

१. मी या सभागृहाचे दिवे बावीस वर्षे सांभाळतो. दारावर बसतात ते माझे मेहुणे, थोरल्या बहिणीचे यजमान. आम्हा दोघांविरुद्ध आजवर एकही तक्रार नाही.

२. सदर शनिवारी ‘चित्रातली जखम खरी की अंगावरची’ या विषयावर एक चित्रकार व एक समीक्षक व्यासपीठावर होते. पहिला तास शांततेत गेला, कारण कोणालाच काही कळत नव्हते. नंतर समीक्षकांनी चित्रातल्या जखमेला ‘छताची गळती’ म्हटले. चित्रकारांनी पाण्याचा जग त्यांच्या तोंडावर हाणला. दोन दात सतरंजीवर पडले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

३. मेहुणे सोडवायला धावले. चित्रकारांनी चित्राच्या स्टँडचा लाकडी पाय उपसून त्यांच्या डोक्यात घातला, आणि ते पडल्यावरही घालतच राहिले. समीक्षक उठले ते चित्रकारांवर न जाता मेहुण्यांनाच लाथा घालू लागले व ‘आता सांगा, हे खरे की नाही?’ असे प्रेक्षकांस विचारू लागले. मेहुणे ‘अहो, मरतोय मी’ असे ओरडत होते. पहिल्या रांगेतील बाई म्हणाल्या, ‘किती खरं वाटतंय!’ मेहुण्यांचा डावा डोळा कायमचा गेला.

४. आपल्या लेखनिकांनी इतिवृत्तात लिहिले : ‘द्वारपालांच्या सहभागाने प्रयोग रंगला.’ हे वाचून पोलीस ठाण्यात तक्रार घेत नाहीत. प्रयोगात लागले तर आम्ही काय करणार, म्हणतात. वर कार्यालयाकडून मेहुण्यांना सातव्या सत्राचे निमंत्रण आले. त्यात ‘शक्यतो पट्टी न बदलता यावे’ अशी विनंती होती. ते पत्र मी चावून थुंकून टाकले. कृपया गहाळ समजावे.

५. प्रयोगाला तालीम लागते. मेहुण्यांनी घरी कधी डोके फोडून पाहिलेले नाही. चित्रकार कुठे दिसले तर त्यांचा हात दारात धरून मोडावा असे मला वाटते, आणि या वाटण्यावर चर्चेची गरज नाही.

६. लेखनिक विचारतात, प्रयोग नव्हता तर त्यावर प्रकाशझोत कोणी टाकला? मीच टाकला. मला वाटले, ठरलेले असेल. पहिल्या फटक्याला झोत आणला. रक्त नीट दिसेना म्हणून तिसऱ्याला वाढवला. मेहुणे माझ्याकडे बघून हात हलवत होते. मी त्या हातामागे झोत फिरवत राहिलो.

७. ताई रोज विचारते, ‘तू वरूनच बघत होतास ना रे? मग खाली का नाही आलास?’ ‘प्रयोग’ राहिला तर मी माझे काम चोख केले, असेच कागदावर राहील. तरी तो शब्द खोडावा, तेथे ‘मारहाण’ लिहावे, मारणाऱ्यांत तिसरे नाव माझे घालावे, आणि एक नक्कल ताईच्या पत्त्यावर पाठवावी. तोंडाने सांगणे मला जमणार नाही.

तिच्या आधी आपल्यापुढे उभा राहिलेला,
आपला नम्र,
(सही)
दिवेवाला, सार्वजनिक सभागृह
दिनांक : १९ मार्च

सोबत :
१. मेहुण्यांच्या केसपेपरची प्रत.
२. दिव्यांच्या खोलीची किल्ली.