सायकलीचा छर्रा

खानापूर, गुरुवार

प्रिय मष्णू,

आधी तक्रार. मंगळवारी तुझ्या म्हशीनं माझी नवी कापशी कोल्हापुरी चप्पल पायाखाली घेतली आणि पाऊण तास तिच्यावर ठाण मांडलं. चप्पल आता भाकरीएवढी पसरलीय. बायको म्हणते, झुणक्याबरोबर खावा. पण मी तेव्हा म्हशीच्या छातीखालची गाठ कापत होतो, आणि सुरी चालवणाऱ्यानं वहाणेवरून कुरकुर करणं बरं दिसलं नसतं.

गाठ फुटली तेव्हा तू शिंगं धरून उभा होतास. “काय गावलं रं डॉक्टर?” म्हणालास. मी “पू” म्हणालो आणि मूठ मिटली. मुठीत बंदुकीचा छर्रा होता.

अकरा वर्षांमागची सुगी आठव. भातात रानडुकरं शिरायची म्हणून तू आणि शेजारच्या शेताचा तुझा बांधकरी रवळू, दोघंही ठासणीच्या बंदुका घेऊन शेतातल्या आपापल्या माळ्यावर बसायचा. त्या संध्याकाळी दोन बार झाले. एक रवळूचा. दुसरा तुझ्या बंदुकीचा, पण तू चहाला घरी गेला होतास आणि तो मी उडवला होता. “वर आभाळात उडवला, डुकरं भेडवायला,” असं तुला सांगितलं. सकाळी तुझी रेडी खांद्यातून रक्त गाळत दारात आली. तू तडक रवळूच्या अंगणात. त्यानं रवळनाथाच्या देवळाच्या पायरीवर हात ठेवून शपथ घेतली, तर तू म्हणालास, “देवाला बी फसवतंय हे.” मी तुझ्या दारात रेडीच्या जखमेत पावडर भरत होतो, आणि सगळं कानावर येत होतं. तेव्हापासून तुमचं बोलणं बंद, बांधावरच्या वाटेला काट्या. त्याच्या आईच्या मौतीलाही तू गेला नाहीस.

आता ती रेडी, म्हणजे तुझी आजची हीच म्हैस, काय चीज आहे ते ऐक. डाव्या खांद्यावर तांदळाएवढा डाग आहे, तिथून छर्रा शिरला. सरळ जाता तर पुढं काळीज होतं. पण बार लांबून होता, दारू दमट होती. छर्रा बरगडीला तिरका लागला आणि पाटाचं पाणी बांधाच्या कडेनं वळावं तसा बरगडीच्या बाकाला धरून खाली घसरला. थांबला तो छातीखाली, कातड्याच्या आत. काळजापासून चार बोटं, मष्णू. मग तिच्या अंगानं त्याच्याभोवती पांढरी, चिवट पिशवी विणली. वडगावच्या विणकरांच्या मागावरही इतकी घट्ट वीण मी बघितली नाही. ते पोलाद छातीशी घेऊन ती सहा वेळा व्याली, दुधावर तुझी दोन्ही पोरं शिकवली, आणि गेल्या आठवड्यात दावणीत मुका मार बसेपर्यंत कधी चारा सोडला नाही. पंचवीस वर्षं मी जनावरं कापतोय आणि माणसांना टोचून बोलतोय. अशी पिशवी मात्र मंगळवारी पहिल्यांदाच हाताला लागली.

होय, पोलादच लिहिलंय. तुम्ही दोघं शिसं वितळवून छर्रे ओतता, मऊ आणि वेडेवाकडे. हा गंजलाय, पण नेमका गोल, सायकलीच्या चाकातला. त्या संध्याकाळी तुझ्या पिशवीतले छर्रे संपले होते. माझ्या खिशात माझ्या पोरीच्या, रक्षाच्या सायकलीसाठी आणलेले गोळे होते, त्यातले तीन मी ठासले. सळसळ झाली तिकडं आडवाच बार टाकला. डुक्कर समजून. जनावरांच्या डॉक्टरनं.

हे तुझ्या तोंडावर सांगायचं धैर्य मंगळवारी झालं नाही, म्हणून पत्र. आज सकाळी रवळूकडं जाऊन आलो, सगळं सांगितलं. त्यानं छर्रा तळहातावर बराच वेळ फिरवला. शिवी देईल म्हणून मी मान खाली घालून तयार होतो. त्यानं एवढंच विचारलं, “म्हस बरी हाय न्हवं?” छर्रा या पत्रातच घालतोय, तूही हातात धरून बघ. रेडी वाचवली म्हणून तुझी बायको अक्काताई दर दिवाळीला मला तुपाची बरणी पाठवते. दहा बरण्या मी मिटक्या मारत संपवल्या. यंदाची अजून उघडली नव्हती. ती रवळूच्या घराच्या सोप्यात ठेवून आलोय.

तुझाच, अजून म्हणू दिलंस तर,
परशराम