एक, दोन, थांब

दि. ३ मार्च

ती. दादास,
बारकीचा सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. कार्ड कसलं, भाचीच्या रिसेप्शनला जमणार नाही एवढ्या दोन ओळी. तिच्या लग्नात कीबोर्डवर तूच बसणार, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलंय. पाच महिने तू फोन उचलत नाहीस. माझं काय चुकलं, ते तरी कळव.

इथे वेगळंच रामायण. व्याह्यांनी दोन्हीकडच्यांना नाच शिकवायला मास्तर ठेवलाय. तुझी लाडकी भाची भिंगरी पहिल्याच दिवशी रडत घरी आली. मास्तर म्हणाला, तुमचं अख्खं घर लंगडत नाचतं. आजोबांनी, आपल्या अण्णांनी, शिकवलेलं एक, दोन, थांब तिने मोजून दाखवलं, तर म्हणे हे थांब कुठून आणलंत, जगात कुठे नाही. मी आरशासमोर नाचून पाहिलं, तर हुबेहूब अण्णांची चाल दिसली. दादा, ते थांब अण्णांच्या आखूड पायासाठी होतं का रे?

दुसरा वादक पाहिला. त्याच्या तालावर आमचे पाय एकमेकांत अडकतात. भिंगरी म्हणते, मामा नसेल तर मी नाचणारच नाही. हट्टात मामावरच गेलीय.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
बारकी

दि. ९ मार्च

चि. बारकीस अ. आ.

तुझं काहीही चुकलेलं नाही. थांब अण्णांच्या पायासाठीच होतं. घरातल्या पहिल्या लग्नात वाजवलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं. तुम्ही नाचायला उतरलात की मी ताल जरा ओढून धरायचो, बस. सांगायचं कशाला? मजेत नाचत होतात.

मी वाजवणं सोडलंय. वय झालं. भिंगरीला म्हणावं, मामाला माफ कर. कीबोर्ड कुणाला हवा असेल तर कळव, देऊन टाकतो.

दादा

दि. ११ मार्च

चि. बारकीस वहिनीचे अ. आ.

ह्यांनी मला शपथ घातली होती, ती आज मोडते. ऑक्टोबरात ह्यांना झटका आला. डावी बाजू गेली. पाय सुधारला, हात मात्र सांगितल्यावर क्षणभराने हलतो. डॉक्टर म्हणाले, आता ह्याहून फारसा फरक पडायचा नाही. एकदाच वाजवायला बसले. उजवा हात पुढे गेला, डावा मागे राहिला. कीबोर्डवर चादर टाकली, ती अजून तशीच आहे.

दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. परवा म्हणाले, उद्या जाग आली नाही तर सुटलो. तेव्हापासून औषधांचा डबा मी कपाटात कुलूप लावून ठेवते. बारके, माझी अक्कल संपली. तू काहीतरी कर.

वहिनी

दि. १४ मार्च

दादा,

नमस्कार मागाहून. वहिनीवर रागवलास तर माझ्याशी गाठ आहे.

चाळीस वर्षं तू आमच्या पायांसाठी थांबलास आणि आम्हाला कळूही दिलं नाहीस. आता तुझा हात उशिरा पडतो, तर पडू दे. आम्ही थांबू. आम्हाला दुसरं येतं तरी काय?

मी घाबरले आहे. रागावून ये, रडत ये, वाजवू नकोस हवं तर, पण ये. मला एकच भाऊ आहे.

बारकी

दि. २ एप्रिल

चि. बारकीस अ. आ.

काल सुखरूप घरी पोचलो. गाडीत तुझी वहिनी माझ्या खांद्यावर झोपली. सहा महिन्यांत ती झोपलेली मी पहिल्यांदा पाहिली.

रिसेप्शनच्या संध्याकाळी गाण्याच्या पहिल्या ओळीलाच माझा डावा हात पडेना. उठून जावं म्हणून मान वर केली, तर समोर भिंगरी एक पाय उचलून उभी, आणि तिच्यामागे तू, तुझे यजमान, सगळी चुलत-मावस भावंडं, सतरा जण, बगळ्यांसारखे एका पायावर. धाकटी मावशी तर डुगडुगत होती. कुणी पाय टेकवला नाही. मग हात पडला, आणि तुमचे पाय पडले.

मास्तर तुझ्या यजमानांना म्हणाला म्हणे, की नाच साफ बिघडला. खरंच आहे. पुढेही बिघडलाच, दर ओळीला.

बरा झालो असं म्हणणार नाही. सकाळी अजून भिंत दिसते. पण चादर काढून धुवायला टाकली आहे. हा कागद डाव्या हाताने दाबून धरून लिहिला, दोनदा सटकला. थांबलो, पुन्हा धरला.

दादा