आत विचारून सांगते

आई, तू गेलीस त्याला एकतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला तुला काही लिहावंसं वाटलं नाही. बोलायचं ते मी तू असतानाच बोलून मोकळी होत असे, आणि गेलेल्या माणसांशी बोलत बसण्याचा प्रकार मला पटत नाही. पण मंगळवारी दिघ्याला जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगितलं, तर बाईचं वय झालं असं म्हणतील.

आधी कळव्याच्या खोलीबद्दल. आपण त्यावर कधी नीट बोललो नाही, म्हणून मला आठवतं ते लिहिते. बाबा गेले तेव्हा मी दीड वर्षाची. तू गाव सोडलंस, मंगळसूत्र काढलं नाहीस, आणि चाळीत सांगितलंस की यजमानांची कायमची रात्रपाळी आहे, दिवसा झोपतात. तीन वर्षं अख्खी चाळ आपल्या दारावरून पाय न वाजवता गेली. शेजारच्या काकू मला विचारायच्या, "काय गं, तुझे बाबा घोरतबिरत नाहीत का?" मी सांगायचे, "घोरतात, पण हळू." हे तू मला शिकवलेलं नव्हतं. घरमालकाचा मेहुणा उगाच चौकशीला आला की तू आतल्या पडद्याकडे मान वळवायचीस. "अहो, ऐकलंत का?" मग थांबायचीस, झोपेतला माणूस कूस बदलून उत्तर देईल एवढाच वेळ. मग दाराकडे वळून, "नको म्हणतायत." मेहुणा निघून जायचा. पडद्यामागे आपल्या वळकट्या आणि पाण्याचं पिंप, एवढंच होतं.

मग ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्याच्या कँटीनमधलं पोळ्यांचं काम आलं. कायमचं. उद्या उत्तर द्यायचंय. मी पाटीवर अक्षरं गिरवतेय. दाराशी कुणी नाही, कडी लावलेली आहे. तू परातीतलं पीठ तसंच ठेवतेस, पडद्याकडे बघतेस आणि अगदी हळू विचारतेस, "अहो, घेऊ का?" थांबतेस, नेहमीपेक्षा जास्त. मग पुन्हा मळायला लागतेस आणि मला सांगतेस, "नको म्हणतायत." त्यानंतर वीस वर्षं तू लोकांच्या घरी पोळ्या लाटल्यास. मी बी.कॉम. झाले, बँकेत लागले, तेव्हा तुला एकदाच विचारलं, त्या दिवशी तू हे काय केलंस. तू माझ्यावर कधी ओरडली नव्हतीस तशी ओरडलीस. "हळू बोल. ऐकू जातं त्यांना."

निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यातून तीनदा नेरूळहून दिघ्याला जाते. एकट्यानं मुलं वाढवणारी माणसं तिथं वर्गाला येतात. बायका जास्त, पुरुष दोनच. खातं स्वतःच्या नावावर कसं उघडायचं, अन्नाचा परवाना कसा काढायचा, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, हे मी शिकवते. पहिल्याच दिवशी नियम सांगते: "घरी विचारून सांगते" हे वाक्य इथं चालणार नाही. जो म्हणेल त्यानं उभं राहून तीनदा म्हणायचं, "मी ठरवते." हा नियम मी कुणावरून केला ते तुला कळलं असेल.

यंदा वर्गात एक डबेवाली आहे. हाताला चव आहे, वेळ पाळते. नवरा चार वर्षांपूर्वी दुसरा संसार थाटायला निघून गेला. धडधाकट जिवंत आहे, फक्त इथं नाही. तरीही ही फोनवर गिऱ्हाइकाला म्हणते, "एक मिनिट हां, साहेबांना विचारते," आणि फोनवर हात ठेवून थांबते. मी सगळ्यांसमोर विचारलं, "कुठे आहेत तुझे साहेब?" मागून एकीनं उत्तर दिलं, "सासुरवाडीला गेलेत मॅडम. दुसऱ्या!" वर्ग हसला, तीही हसली. वर्ग सुटल्यावर मात्र ती मागे थांबली.

"मॅडम, मी विचारायचं बंद केलंय ओ. पण ते थांबत नाय."

"काय थांबत नाही?"

"उत्तर. आधी मी लोकांना टाळायला त्यांना आत बसवलं. आता मी हो बोलायला गेले की आतून आधीच नको येतं. दोन ऑर्डरी गेल्या माझ्या."

मी तिला हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगितलं.

मंगळवारी ऐरोलीच्या एका ऑफिसचा माणूस करार घेऊन तिच्या घरी येणार होता. रोजचे चाळीस डबे. हे गेलं तर पुन्हा दोन वेळची धुणीभांडी, आणि नववीतल्या मुलीला साताऱ्याकडे मामाच्या घरी ठेवायचं, असं तिनं ठरवून टाकलेलं. म्हणून मी गेले. तिला म्हटलं, "मी पडद्यामागे उभी राहते. तू आत बघितलंस की मीच जोरात हो म्हणेन."

"चालेल. तुमचा आवाज तर पार नाक्यापर्यंत जातो, मॅडम."

भर दुपारी, साडेबाराला, तो माणूस आला. मी आत आहे. एका हाताला स्टीलच्या डब्यांची उतरंड, दुसऱ्या हाताला भिंत, मधे जेमतेम माझ्यापुरती जागा. बाहेर कागद उलटल्याचा आवाज. "ताई, इथं सही. जरा लवकर, मला अजून रबाळ्याला जायचंय." पडद्याच्या फटीतून दिसतं, तिनं मान माझ्याकडे वळवली आहे. मी श्वास घेते. आणि माझ्या कानाशी, भिंतीच्या बाजूनं, झोपेतून अर्धवट जागं झालेल्या माणसासारखं कुणी तरी म्हणतं, "नको."

भिंतीपलीकडची खोली महिनाभर बंद आहे. मी नंतर जाऊन कुलूप बघितलं.

बाहेरचा माणूस म्हणाला, "साहेब घरी आहेत वाटतं?"

ती म्हणाली, "हायत. पण सही माझी चालते ना?"

"नाव तुमचं आहे ताई. तुमचीच लागते."

तिनं सही केली. पेन कागदावर घासल्याचा आवाज मी आतून ऐकला. गुरुवारपासून चाळीस डबे जातायत. परवा तिनं वर्गात उभं राहून सांगितलं, "मला तर नकोच ऐकू आलं, पण मॅडम मागे होत्या, त्या हो म्हणाल्या असणार, म्हणून हात चालला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी "बसा खाली, पुढचं पान काढा" म्हटलं.

हे मी बँकेच्या जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर लिहितेय. झालं की पानं फाडून टाकीन. तो आवाज कुणाचा, हे मी तुला विचारत नाही. बाबांचा आवाज मला आठवतच नाही, ताडून बघायचा तरी कसा? पण एक गोष्ट त्या बाईला सांगायचं मला अजून धाडस झालेलं नाही. आई, मी हो म्हटलं नाही. तो आवाज आला तेव्हा मी पडद्यामागे, शहाण्या मुलीसारखी, मान डोलावली होती.