प्लॉट नंबर चौदा, माणसं चार

२ मार्च, सकाळी ६.१०
आज उगाच ती सकाळ आठवली. नदीकाठचा पार्क, तंबू ठोकायचा आमचा नेहमीचा प्लॉट चौदा, पाण्यावर धुकं. हे होडी वल्हवत होते, मी पुढे शिट्टी आणि टाइमटेबल घेऊन. सहाला उठणे, सहा-वीसला नदीत आंघोळ, सातला बोटिंग, आठला प्रत्येकाने नदीवर एक परिच्छेद. मुलगा अख्ख्या फेरीत एक शब्द बोलला नाही, इतका रमला होता. हे म्हणाले, ती शिट्टी जरा लांब धर. भारी चेष्टेखोर होते.
हे गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, जाणं झालं नाही. यंदा जायचंच. बुकिंग केलं, २८ तारीख. नियम एकच: फॉर्मवरची चारही माणसं अकरापर्यंत ऑफिसात हजर हवीत, नाहीतर प्लॉट दुसऱ्याला. नावं भरली: मी, मुलगा, सून, लेक. विचारलं नाही. घरच्यांना काय विचारायचं?

५ मार्च
मुलाला फोन. "बघतो" म्हणाला. आमच्या घरात बघतो म्हणजे हो.

९ मार्च
लेकीने विचारलं, आई, शिट्टी आणणार आहेस का? म्हटलं, अर्थात. म्हणाली, कुकर लागलाय, ठेवते. भरून आलं असणार. नवं टाइमटेबल केलं. काळाप्रमाणे बदलायला हवं, म्हणून उठणे सव्वासहा.

१४ मार्च
माळ्यावरून तंबू काढला. एक कोपरा उंदरांनी खाल्लाय, तेवढीच हवा खेळती राहील. स्टोव्ह, वल्ही, ह्यांचं लाइफ जॅकेट, सगळं आहे. खुंट्या ठोकायची लाकडी हातोडी मात्र नाही. तिच्या दांड्यावर ह्यांनी तापल्या खिळ्याने चौदा आकडा कोरला होता. कामवालीने नेली असणार. उद्या विचारते.
निश्चय: वल्हवण्यासाठी रोज दंडाचे वीस व्यायाम. आज चार झाले.

१५ मार्च
दंड दुखतोय. व्यायाम डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद. (डॉक्टरांना अजून विचारायचंय.)
बाईला अगदी प्रेमाने विचारलं. म्हणाली, तुमची हातोडी नेऊन मी काय घरात तंबू ठोकू? काम सोडून गेली. चोराच्या तोंडी भाषा नेहमी अशीच असते.

२० मार्च
मुलगा म्हणतो, क्लायंट येणार आहे. सुनेच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. लेक म्हणाली, आई, तुला मी आधीच सांगायला हवं होतं, आणि फोन कट झाला. नेटवर्क. एक दिवस आधी येते असं सांगायचं असणार.

२५ मार्च
खबरदारी म्हणून शेजारीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, मला पाण्याची भीती वाटते हो. पाण्याच्या टाकीला टेकून म्हणाल्या. राहू दे. ऐनवेळी सगळे येऊन मला सरप्राइज देणार, हे मी ओळखून आहे. चेहऱ्यावर दाखवायचं नाही.

२८ मार्च, सकाळी १०.४०
पार्कचं ऑफिस. बाकावर मी आणि तंबू. क्लार्क जुनाच. चष्मा लागलाय त्याला. विचारतो, काकू, बाकीचे? म्हटलं, गाडी लावतायत.

११.३५
त्याने अर्धा तास जास्त दिला. मग म्हणाला, काकू, एक विचारू का, तुमची मंडळी तर मागच्याच शनिवारी येऊन गेली. मुलगा, सून, लेक, जावई, सगळी नातवंडं. पलीकडच्या वळणावर, प्लॉट एकवीस. दर वर्षी येतात की. काय हसतात, काय दंगा. नऊ वाजेपर्यंत एक जण उठेल तर शपथ. आणि हे विसरून गेलेत, घेऊन जा.
हातोडी. दांड्यावर चौदा.
रजिस्टर मागून पाहिलं. तीन वर्षांच्या तीन नोंदी, लेकीच्या अक्षरात. ते वळणदार अक्षर मीच घोटून घेतलंय.
माझ्यासाठी जागा बघायला येत असतील, म्हणून लिहायला घेतलं होतं. खोडलं.
चौदा नंबर एका तरुण जोडप्याला आणि त्यांच्या दोन मुलांना मिळाला. मुलगी खुंटी धरून उभी होती. तिच्या आईला हातोडी हवी का विचारलं. त्यांच्याकडे होती.

२९ मार्च, दुपार
माझ्यामागे सामान असं द्यावं.
तंबू पार्कच्या क्लार्कला. कोपरा शिवून.
ह्यांचं लाइफ जॅकेट थोरल्या नातवाला. त्याला ते मोठं होईल, पण एक वर्षच.
स्टोव्ह कामवाल्या बाईला. सोबत माफीची चिठ्ठी. चिठ्ठी मेल्यावर नको, उद्याच लिहायची.
हातोडी मुलाला. कुठे सापडली ते सांगू नये.
वल्ही एक मुलाला, एक लेकीला, असं लिहिणार होते, म्हणजे त्या निमित्ताने दोघं एकत्र आली असती. ती येतातच. दोन्ही एकत्रच द्यावीत.
शिट्टी कोणाला नको. चौदा नंबरसमोर पाणी खोल आहे, तिथे टाकावी. सकाळी नऊनंतर. तोवर सगळ्यांना झोपू द्यावं.